गाडी सेव्हिलनंतर घे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा मिळाला, दोनदा वाचला. मेहनत दिसते. हॉटेलांचे दर, अंतरं, पेट्रोलचा अंदाज, सगळं रकान्यांत नीट भरलं आहेस. पण बारा रात्रींत माद्रिद, बार्सिलोना, वालेन्सिया, तोलेदो, कोर्दोबा, सेव्हिल, रोंडा, ग्रानादा, आणि तेही पहिल्या दिवशी माद्रिदच्या विमानतळावर गाडी ताब्यात घेऊन! आई-बाबा सोबत आहेत, गाडी चालवणारा तू एकटा. या हिशेबाने त्यांना स्पेन बहुतांशी मागच्या सीटवरूनच दिसेल.

आधी बार्सिलोना आणि वालेन्सिया काढून टाक. चांगली शहरं आहेत, पण ती दुसऱ्या दिशेला आहेत. माद्रिद ते बार्सिलोना सहाशे किलोमीटरच्या वर आहे. तुला जुनी शहरं आणि डोंगरातली गावं बघायची आहेत ना? मग दक्षिणेला चल.

आता मुख्य मुद्दा. गाडी शहरांसाठी घेऊ नकोस, डोंगरासाठी घे. माद्रिद ते सेव्हिल ही वेगवान रेल्वे 1992 पासून धावते आहे. कोर्दोबा त्याच मार्गावर. माद्रिदहून कोर्दोबाला पावणेदोन तासांत पोचशील, तिथून सेव्हिल पाऊण तास. तोलेदो तर माद्रिदहून अर्ध्या तासावर. या टप्प्यात गाडी असली तर ती रोज कुठल्या तरी तळघरात पैसे भरून उभी करावी लागेल, दुसरं काही नाही.

शिवाय जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बऱ्याच ठिकाणी बंदी असते. अडवायला पोलीस नसतो, खांबावर कॅमेरा असतो. तुझ्या गुगल मॅप्सला ते दर वेळी ठाऊक असेल असं नाही. तू हॉटेलच्या दारापर्यंत आरामात जाशील आणि दंडाची चिठ्ठी भाड्याच्या कंपनीमार्फत तुझ्या क्रेडिट कार्डाच्या मागे लागेल. कंपनी त्यावर स्वतःचा कागदपत्रांचा आकार लावेल तो वेगळा. हॉटेलचं स्वतःचं पार्किंग आत असेल तर हॉटेलवाले तुझ्या गाडीचा नंबर नोंदवून परवानगी काढू शकतात. पण हे हॉटेलला आधी विचारायचं, तिथे पोचल्यावर नाही.

रात्री अशा वाटून बघ: माद्रिद एक, तोलेदो एक, कोर्दोबा दोन, सेव्हिल तीन. सेव्हिल सोडताना गाडी घे. मग डोंगरातल्या आर्कोस गावी एक, रोंडाला दोन, शेवटी ग्रानादाला दोन, आणि गाडी तिथेच परत करून रेल्वेने माद्रिद. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायचे जादा पैसे पडतात, ते कंपनीगणिक वेगळे असतात. तुलना करताना तो आकडा धरूनच कर.

हा क्रम मी उगाच लावलेला नाही. तोलेदो 1085 मध्ये मुस्लिम सत्तेकडून ख्रिस्ती राजाकडे गेलं, कोर्दोबा 1236 मध्ये, सेव्हिल 1248 मध्ये. ग्रानादा टिकलं ते थेट 1492 पर्यंत. मधली जवळजवळ अडीचशे वर्षं दोन राज्यांची सरहद्द कुठे होती? तू गाडीने फिरणार आहेस त्याच डोंगरांत. तिथली चुन्याने रंगवलेली पांढरी गावं कड्यांच्या टोकावर का बसली, गल्ल्या इतक्या अरुंद आणि वळणाच्या का, प्रत्येक गावावर गढी का, हे घाटमाथ्यावरचे किल्ले पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून ग्रानादा आधी उरकू नकोस. स्वस्त विमान मालागाला उतरतं म्हणून पुष्कळ लोक पहिल्याच दिवशी ग्रानादाच्या सुलतानांचा राजवाडा, अल्हाम्ब्रा, बघून टाकतात आणि मग कोर्दोबा त्यांना नुसतीच एक मोठी इमारत वाटते.

कोर्दोबाची मेस्किता, म्हणजे जुनी मशीद, सकाळी दार उघडताच गाठ. 785 मध्ये कोर्दोबाचा अमीर पहिला अब्द अर-रहमान याने तिचं बांधकाम सुरू केलं आणि पुढे दोनशे वर्षं ती वाढत गेली. आत गेल्यावर खांबांच्या गर्दीने माणूस भांबावतो, पण एका खांबापाशी थांब आणि खालून वर बघ. खांब आखूड आहेत. बरेचसे जुन्या रोमन आणि त्यांच्यानंतरच्या व्हिसिगॉथ राजवटीच्या इमारतींतून उचलून आणलेले, त्यामुळे रंग वेगळे, माथ्यावरचं कोरीवकाम वेगळं. एवढ्या आखूड खांबांवर छत टेकवलं असतं तर अंधारी कोठडी झाली असती. म्हणून कारागिरांनी एका कमानीवर दुसरी कमान चढवली. लाल विटेचा एक पट्टा, फिक्या दगडाचा एक, आणि दोन कमानींच्या मधली जागा मोकळी. उंची मिळाली, उजेडही मिळाला. मग चालत मध्यभागी जा. तिथे 1523 पासून बांधत आणलेलं कॅथेड्रल अचानक उभं राहतं, थेट मशिदीच्या पोटात. ते आवडायलाच हवं असं नाही. मला अजून आवडत नाही. पण त्यामुळे बाकीची इमारत शाबूत राहिली असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

सेव्हिलमध्ये हिराल्दा मनोरा चढायला आईला घाबरवू नकोस. मुळात तो मशिदीचा मिनार. आत पायऱ्या नाहीत, शेवटचा थोडा भाग सोडला तर सगळा सौम्य चढणीचा रस्ताच आहे, वळत वळत वर जाणारा. गुडघे दुखणाऱ्यांनाही सावकाश जमतो. अल्काझार राजवाड्यात पेद्रो राजाने 1364 मध्ये बांधलेला भाग नीट बघ. राजा ख्रिस्ती, पण कारागीर ग्रानादा आणि तोलेदोचे, आणि दर्शनी भिंतीवर अरबी अक्षरं. 'ईश्वराखेरीज विजेता नाही' हे ग्रानादाच्या नासरी सुलतानांचं ब्रीद तिथे आहे. तेच वाक्य पुढे अल्हाम्ब्राच्या भिंतीभिंतीवर दिसेल. बाबांना दाखव, त्यांना अशा गोष्टी आवडतात.

आता गाडी. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आरटीओतून काढ. तो वर्षभरच चालतो आणि आपला मूळ परवाना सोबत लागतोच. तुला अजून पंचवीस पुरी नाहीत, तेव्हा बहुतेक कंपन्या 'तरुण चालक' म्हणून रोजचा जादा आकार लावतील. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. बाबांचं कार्ड आणि तुझा परवाना ही जोडी काउंटरवर चालत नाही. अनामत रक्कम कार्डावर अडवून ठेवतात, तेवढी मर्यादा शिल्लक राहू दे. ऑटोमॅटिक आधीच मागून ठेव, नाहीतर गियरची गाडी मिळेल आणि गियर उजव्या हाताला. उजवीकडून चालवायची सवय लागेपर्यंत डोक्याला तेवढंच एक काम पुरे. वळताना तू इंडिकेटर द्यायला जाशील आणि वायपर सुरू होईल, कारण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती दांडी उलट्या बाजूला असते. त्यात लाज काही नाही.

गाडी लहान घे. डिकीत तीन बॅगा मावतील एवढीच. हे मी आर्कोससाठी सांगते आहे. तिथल्या जुन्या गावात चर्चजवळच्या गल्लीत भिंतीकडे बघ: कमरेच्या उंचीवर चुना खरवडलेला आणि त्यात लाल, निळ्या, रुपेरी रंगाचे ओरखडे, आधी येऊन गेलेल्या गाड्यांचे. आरसे मिटूनही अंग चोरून जावं लागतं, आणि समोर कोणी आलं तर एकाला उलटं जावं लागतं. तू त्या गल्लीत शिरूच नकोस. गाडी खालच्या नव्या भागात लाव, रात्रीपुरतं सामान एका छोट्या बॅगेत घे आणि चढून जा. बाकीच्या बॅगा डिकीत, वरून काहीही दिसता कामा नये. सीटवर जॅकेटसुद्धा ठेवू नकोस. आई-बाबांना टॅक्सीने वर पाठव.

वेगमर्यादा शहरात ताशी पन्नास किलोमीटर, पण दोन्ही बाजूंना एकेकच लेन असेल तिथे तीस. साध्या रस्त्यांवर नव्वद, महामार्गावर एकशेवीस. चक्राकार चौकात आधीपासून फिरत असलेल्याचा हक्क पहिला. सायकलवाल्याला मागे टाकताना दीड मीटर अंतर सोडायचंच, आणि डोंगरात सायकलवाले पुष्कळ भेटतील. हॉर्न विसर. पंपावर बेफिकीर राहू नकोस: 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलेओ' म्हणजे डिझेल. झाकणाच्या आत काय लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय नळी उचलू नकोस.

आर्कोसहून एल बोस्केमार्गे ग्राझालेमाला जा. डोंगर हिरवे दिसतील, कारण हा स्पेनमधल्या सर्वांत पावसाळी भागांपैकी एक. तिथे शेळीचं पायोयो चीज मिळतं, वाटेसाठी घेऊन ठेव. ग्राझालेमाहून झाहाराकडे जाणारा खिंडीचा रस्ता, पुएर्तो दे लास पालोमास, हा तुझ्या सगळ्या सहलीतला सर्वांत देखणा आणि सर्वांत वाकडा टप्पा. तो सकाळी कर, पोट भरून नको. वर थांबायला जागा आहे. गिधाडं कधी कधी तुझ्या पायाखालून तरंगत जातात. खाली झाहारा दिसेल, तलावाच्या काठावर, डोक्यावर बुरूज. डिसेंबर 1481 मध्ये ग्रानादाच्या फौजेने हे एवढंसं ठाणं अचानक काबीज केलं, त्यातून युद्ध पेटलं आणि दहा वर्षांनी ग्रानादाचं राज्यच गेलं. बुरुजापर्यंत चढण आहे. बाबा खाली कॉफी घेतील.

रोंडात दोन रात्री यासाठी की दिवसभर समुद्रकाठच्या हॉटेलांतून बसगाड्या भरून लोक येतात आणि संध्याकाळी परत जातात. गाव मग तुमचं. तिथला दरीवरचा पूल वरून तर सगळेच बघतात, तुम्ही दरीत उतरणाऱ्या वाटेने थोडं खाली जाऊन बघा. आधीचा पूल 1741 मध्ये कोसळला होता. आताचा 1793 मध्ये पुरा झाला, उंची 98 मीटर. दुसऱ्या दिवशी जवळचं सेतेनील गाव, जिथे घरांवर कड्याचंच छप्पर आहे. तासाभरात बघून होतं. फोटोंमुळे त्याचा जरा जास्तच गवगवा झालाय, पण आईला मजा वाटेल.

रोंडा ते ग्रानादा मध्ये अंतेकेरा लागतं. मेंगा नावाची दगडी दफनखोली तिथे आहे, पाच हजार वर्षांहून जुनी. तिच्या दारातून समोर एक डोंगर दिसतो, आडव्या झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा. अर्धा तास दे.

खाण्याचं सांगते, कारण आई शाकाहारी आहेत. 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही. ट्यूना मासा आणि सुकवलेलं हॅम यांना तिथे पुष्कळजण मांसात धरतच नाहीत. सालमोरेखो नावाचं टोमॅटोचं दाट गार सार मागवलंस तर वर हॅमचे तुकडे आणि उकडलेलं अंडं येतं, ते घालू नका म्हणून सांग. सेव्हिलची पालक-छोले भाजी, कोर्दोबाची मधासारख्या काकवीतली तळलेली वांगी, बदाम-लसणाचं गार आहोब्लांको, टोमॅटो चोळलेला पाव, एवढ्यावर आईंचं उत्तम चालेल. अंडं चालत असेल तर बटाट्याचं ऑम्लेट कुठेही. वेळ मात्र पाळावी लागते: दुपारी दोन ते चार जेवण, मग स्वयंपाकघर बंद, ते रात्री साडेआठला उघडतं. बाबांच्या गोळ्यांच्या वेळा बघून चारला खायला काहीतरी पिशवीत ठेव.

दुपारी कुठलाही कार्यक्रम ठेवू नकोस. मे महिना ठरवला आहेस ते बरं केलंस. कोर्दोबाच्या घरांची फुलांनी भरलेली अंगणं त्याच वेळी बघायला उघडतात. जुलै-ऑगस्ट म्हणाला असतास तर मी हे पत्र एका ओळीत संपवलं असतं. सेव्हिल-कोर्दोबात तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो.

आणि अल्हाम्ब्रा. हे पत्र वाचून झाल्याबरोबर तिकिटांकडे बघ, विमानाच्याही आधी. नासरी महालांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली की चुकलीच. नाव पासपोर्टप्रमाणे घाल, दारात पासपोर्ट बघतात. मुख्य फाटकापासून महालांपर्यंत चालायला आईच्या वेगाने अर्धा तास धर. गाडी गावातून वर नेऊ नकोस, बाहेरच्या वळणरस्त्याने वाहनतळाला थेट वाट आहे. सिंहांच्या चौकात बारा सिंहांचं कारंजं आहे. तिथे सगळे फोटो काढत असतात, तू मान वर करून शेजारच्या दालनांची छतं बघ. 2 जानेवारी 1492 ला शेवटच्या सुलतानाने हे शहर सोपवलं. त्याच मार्चअखेरीस ज्यूंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम इथूनच निघाला, आणि एप्रिलमध्ये जवळच्या सांता फे गावात कोलंबसाचा राजा-राणीशी सफरीचा करार झाला. चार महिन्यांत एवढं सगळं.

व्हिसाचा अर्ज स्पेनचाच कर, विम्याची रक्कम किमान तीस हजार युरोची हवी, आणि रद्द करता येतील अशीच हॉटेलं सध्या धर. अल्हाम्ब्राची जी तारीख आणि वेळ मिळेल ती मला आधी कळव. मग बाकीच्या रात्री तिच्याभोवती मागेपुढे करू.

तुझी,
मावशी