युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होण्याआधी कम्युनिटी कॉलेजमध्येच स्पॅनिश शिकून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत नाशिकला मराठी माध्यमात शिकलात, आता कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला) आहात, पुढे समाजशास्त्राच्या पदवीसाठी यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर व्हायचंय आणि स्पॅनिश इथे घ्यावी की तिकडे गेल्यावर, हे ठरत नाहीये. माझं मत विचाराल तर इथेच घ्या, आणि घ्याल तर मध्येच सोडू नका. मी याच वाटेने गेले आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या कम्युनिटी कॉलेजात स्पॅनिशची सुरुवात केली, मग कॅल स्टेटमधून (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीतून) त्याच विषयात पदवी घेतली आणि आज एका दवाखान्यात बहुतेक पेशंटशी स्पॅनिशमध्येच बोलते.

आधी नियमांचं बघू, कारण त्यात सध्या बराच गोंधळ आहे. २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रापासून, यूसी आणि कॅल स्टेट या दोन्हींसाठी कॅल-जेटसी ही ट्रान्सफरआधी पूर्ण करायच्या सामान्य विषयांची एकच यादी आली. आयजेटसी या जुन्या यादीत यूसीला जाणाऱ्यांसाठी इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेचा वेगळा रकाना होता, नव्या यादीत तो नाही. म्हणून ‘आता भाषा लागतच नाही’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. त्यावर जाऊ नका. रकाना गेला तरी यूसीच्या आतल्या अनेक कॉलेजांची पदवीसाठीची स्वतःची अट तशीच आहे. यूसीच्या बर्कली कॅम्पसमधल्या लेटर्स अँड सायन्स या कॉलेजला दुसऱ्या सेमिस्टरच्या पातळीपर्यंत भाषा लागते, यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या कॅम्पसमधल्या लेटर्स अँड सायन्सला तिसऱ्या क्वार्टरच्या (सेमिस्टरहून छोट्या सत्राच्या) पातळीपर्यंत. इंजिनिअरिंगवाल्यांना सहसा ही अट नसते, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या मित्रांचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. तुमच्या कॉलेजची स्पॅनिश २, म्हणजे दुसऱ्या पातळीचा कोर्स, यूसीच्या कुठल्या कोर्सच्या बरोबरीची धरतात, हे ‘असिस्ट’ या अधिकृत वेबसाइटवर कॉलेज आणि युनिव्हर्सिटी निवडून नीट पाहा. बर्कली आणि मर्सेड सोडले तर यूसीचे बाकीचे कॅम्पस क्वार्टरवर चालतात आणि बहुतेक कम्युनिटी कॉलेजं सेमिस्टरवर, त्यामुळे कोर्सचे नंबर जुळतीलच असं नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे. आयजेटसीच्या नियमात, सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजी नसलेल्या माध्यमात शिकून पास झालेल्याची भाषेची अट पूर्ण धरली जायची. अनेक कॅम्पस आजही अशी सूट देतात, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी. तुमची गुणपत्रकं आणि माध्यमाचा उल्लेख असलेला शाळेचा दाखला घेऊन ट्रान्सफर काउन्सेलरला भेटा, आणि मिळेल ते उत्तर ईमेलवर लेखी घ्या. मराठीच्या जोरावर अट सुटली तर उत्तमच.

पण अट सुटली तरी स्पॅनिश घ्या, असंच मी म्हणेन. कॅलिफोर्नियात सुमारे ४० टक्के लोक लॅटिनो आहेत. समाजशास्त्र शिकून तुम्ही शाळेत, दवाखान्यात, कोर्टात, कुठेही कामाला लागलात तरी ज्यांच्यासाठी ते काम करायचं, त्यातल्या अनेकांशी थेट बोलता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. शुगरचं इंजेक्शन कसं घ्यायचं हे एखाद्या आजीला तिच्या दहा वर्षांच्या नातवामार्फत सांगावं लागतं, हे मी रोज बघते. ते पोर अर्धं सांगतं, अर्धं गाळतं, आणि आजी मान डोलावते. तिच्याशी तिच्याच भाषेत बोललं की ती खरे प्रश्न विचारू लागते.

आणि बोलायला शिकायचं असेल तर कम्युनिटी कॉलेजच्या वर्गासारखी जागा नाही. माझ्या वर्गात निम्मी मुलं मेक्सिकन आणि साल्वादोरी घरांतली होती. घरी फाडफाड बोलणारी, पण लिहायला बसली की अडणारी. स्पॅनिशमध्ये एच उच्चारत नाहीत, बी आणि व्ही यांचा उच्चार एकच, त्यामुळे कानाने शिकलेल्याची स्पेलिंगं हमखास चुकतात. माझ्या शेजारच्या मुलीची वही मी तपासायचे, ॲक्सेंटच्या खुणा कुठे द्यायच्या ते दाखवायचे. मोबदल्यात ती माझ्याशी तिच्या आईच्या वेगाने बोलायची आणि मला कळेपर्यंत तेच वाक्य पुन्हा म्हणायची. शिकवणाऱ्या बाई प्राध्यापक होत्या, सहायक विद्यार्थी नव्हेत. युनिव्हर्सिटीत सुरुवातीचे भाषेचे वर्ग बऱ्याचदा पीएचडी करणारे विद्यार्थी घेतात. ते वाईट शिकवतात असं मुळीच नाही, पण वीस वर्षं फक्त स्पॅनिश १ आणि २ शिकवलेल्या माणसाला तुमची जीभ कुठे अडखळणार हे आधीच ठाऊक असतं.

मराठी माध्यमाचा इथे खराच फायदा होतो. ‘मे गुस्ता एल काफे’ची रचना इंग्रजी बोलणाऱ्यांना उलटी वाटते, आपल्याला ‘मला कॉफी आवडते’ म्हणायची सवयच आहे. ‘लहानपणी गावाला जायचो’ आणि ‘काल गावाला गेलो’ यांतला फरक तुम्हाला न शिकवता कळतो, आणि स्पॅनिशच्या दोन भूतकाळांत नेमका तोच फरक आहे. उच्चारांत त आणि द आपले आयते. फक्त इंग्रजीच्या सवयीने ट-ड करू नका.

खर्चाचं थोडक्यात. राज्याचे रहिवासी असाल तर कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (कोर्सचा भार मोजायच्या मापाला) ४६ डॉलर, म्हणजे पाच युनिटची स्पॅनिश १ झाली २३० डॉलरची. यूसीची वर्षाची फी रहिवाशांनाही १४ हजार डॉलरच्या पुढे आहे. स्टुडंट व्हिसावर असाल तर कम्युनिटी कॉलेजचा दरही कितीतरी पट होतो, तो मात्र आधी विचारून घ्या.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती कोणी आधी सांगत नाही. स्पॅनिश १ आणि २ चे वर्ग भरपूर असतात. ३ आणि ४ मात्र अनेक कॉलेजांत वर्षातून एकदाच लागतात, आणि मुलं कमी पडली तर सत्र सुरू व्हायच्या तोंडावर रद्द होतात. आमच्या कॉलेजात स्पॅनिश ३ अशीच रद्द झाली आणि मी संध्याकाळी शेजारच्या कॉलेजात जाऊन ती पूर्ण केली. दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजात किंवा ऑनलाइन एखादा कोर्स घ्यायला हरकत नसते, फक्त तो कोर्स असिस्टवर आहे ना हे तपासा, आणि दोन्हीकडची मार्कशीट यूसीला पाठवा. पास-नापासवर न घेता ग्रेडवर घ्या.

मध्ये खंड पडू देऊ नका, हे मी मुद्दाम पुन्हा सांगते. स्पॅनिश २ करून वर्षभर गप्प बसलेली मुलं तिकडे जाऊन पुन्हा प्लेसमेंट टेस्टला (पातळी ठरवणाऱ्या परीक्षेला) बसतात आणि खालच्या वर्गात पडतात. स्पॅनिशच्या मायनरचा (दुय्यम विषयाचा) किंवा मेजरचा (मुख्य विषयाचा) विचार असेल तर स्पॅनिश ४ इथेच संपवा. त्यापुढचे वर्ग निबंध आणि साहित्याचे असतात, सगळं वाचन आणि लेखन स्पॅनिशमध्ये, आणि ती उडी मोठी असते. तेव्हा तुमची ट्रान्सफर ज्या फॉलला असेल तिथून उलटं मोजा, शेवटचा कोर्स त्याआधीच्या स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारीच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्रात, येईल असं बघा. पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागलं की आधी स्पॅनिशची वेळ धरा आणि बाकीचे विषय तिच्या आजूबाजूला बसवा.