वाराटा लावताय? आधी खताची पिशवी बाजूला ठेवा

सिडनीत घर घेतलंत की वाराटाचा मोह होणारच. लाल फुलांचं हे ऑस्ट्रेलियन झुडूप; न्यू साउथ वेल्सचं राज्यफूलच ते, 1962पासून. पण गुलाबासारखे लाड याला चालत नाहीत. मूळ वस्ती वालुकाश्माच्या टेकड्यांवर, निकृष्ट जमिनीत. तिथे फॉस्फरस जवळपास नसतोच, म्हणून तो शोषायला याला झुपकेदार बारीक मुळं फुटतात. त्यात तुम्ही कोंबडीखत घातलंत की पानं पिवळी पडून कडा करपतात. ऑस्ट्रेलियाच्या देशी झुडपांसाठीचं कमी फॉस्फरसचं खत मिळतं, तेच वापरा आणि तेही बेतानं.

दुसरं, पाणी साचता कामा नये. चिकणमाती असेल तर फूट-दीड फूट उंच वाफा करून त्यावर लावा, नाहीतर मूळकूज ठरलेलीच. पहिली दोन वर्षं मात्र उन्हाळ्यात पाणी चुकवू नका. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, कुदळ अजिबात नको.

फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात. ती सुकली की लगेच, धीर करून, फांद्या निम्म्यापर्यंत छाटा. पुढच्या वर्षीच्या कळ्या नव्या फुटीवरच येतात. बियांपासून केलंत तर फुलायला पाचेक वर्षं लागतात, म्हणून रोपच आणा. तोवर शेजारी ग्रेव्हिलिया हे त्याच कुळातलं झुडूप लावा, स्वभाव तोच, पण बराच सोशिक.