विक्रोळी ते अलिबाग सायकलने : आधी सायनपर्यंतचा रस्ता पाठ करा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. विक्रोळीत घर, वय बेचाळीस, तीन महिन्यांपूर्वी घेतलेली हायब्रिड सायकल आणि सध्या सोसायटीच्या आवारात फेऱ्या. दिवाळीच्या सुट्टीत एकट्याने अलिबागला जायचंय आणि घरचे म्हणतात, मुंबईच्या रस्त्यावर सायकल म्हणजे जिवाशी खेळ. किती किलोमीटरचा सराव हवा, असं तुम्ही विचारलंय.

किलोमीटरचं सोपं आहे, ते आधी सांगतो. विक्रोळी ते भाऊचा धक्का (मांडव्याची बोट तिथून सुटते) वीस-बावीस, मांडवा ते अलिबाग साधारण वीस. म्हणजे एका बाजूने चाळीसेक, तेही मध्ये तासभर बोटीत बसून. गुडघे ठीक असतील तर दीड महिन्यात एवढं सहज जमतं. कस लागतो तो पहिल्या वीस किलोमीटरमध्ये, आणि तिथे दम फारसा कामाचा नाही, रस्त्याची ओळख लागते. घरच्यांची काळजी मला अजिबात वावगी वाटत नाही. घाटकोपरहून परळला मी आठ वर्षं सायकलने ऑफिसला गेलोय, त्यामुळे ती काळजी कुठून येते ते मला माहीत आहे.

२०१४च्या जुलैमध्ये मी पडलो. पाऊस थांबला होता, रस्ता ओला होता, गर्दीही फार नव्हती. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये रस्त्याच्या लांबीने फट जाते, तिच्यात पुढचं चाक अडकलं आणि मी हँडलवरून पुढे फेकलो गेलो. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या फटीच्या बाजूने मी तोवर शेकडो वेळा गेलो असेन. त्या दिवशी मागच्या रिक्षाला वाट द्यायला म्हणून नेहमीपेक्षा वीतभर डावीकडे सरकलो, एवढंच निमित्त झालं. आपण ज्या रेषेत चालवतो तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर काय आहे, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. एक रस्ता धरा आणि तो पाठ करा. तुमच्यासाठी तो विक्रोळी ते सायन. सहा रविवार तोच रस्ता, जाऊन-येऊन. दर रविवारी नवा पॉइंट, नवा फोटो हा मोह टाळा. तिसऱ्या रविवारपासून तुम्हाला दिसायला लागेल की कुठल्या गटाराच्या जाळीच्या पट्ट्या आपल्याच दिशेने आहेत (तिच्यात बारीक टायर सरळ आत जातो), पेव्हर ब्लॉक कुठे खचलेत, बस कुठल्या स्टॉपला एकदम डावीकडे घुसते. रस्त्यावरचे जाड पांढरे पट्टे ओले झाले की निसरडे होतात. त्यांच्यावर वळण घेऊ नका, ब्रेकही दाबू नका. उभ्या गाड्यांपासून हातभर अंतर ठेवा, कारण दार कधी उघडेल त्याचा नेम नाही.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे पुलांची तोंडं. पूर्व द्रुतगती मार्गावर तुम्ही पुलाखालून डाव्या कडेने येता आणि पूल उतरणारी गाडी वेगात येऊन तुमच्या रस्त्याला मिळते. तिथे मान वळवून मागे बघा, हात दाखवा. जमत नसेल तर कडेला उतरून थांबा. मी आजही थांबतो.

पहाटे रस्ता रिकामा असतो हे सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. पण रिकाम्या रस्त्यावर गाड्या सुसाट असतात. टँकर, डंपर, रात्रभर जागून घरी निघालेले ड्रायव्हर त्याच वेळी रस्त्यावर असतात. म्हणून मी नव्या माणसाला साडेचारला निघायला सांगत नाही. दिवाळीच्या सुमारास मुंबईत सूर्य साडेसहा-पावणेसातला उगवतो. सहाला निघालात तर घाटकोपर ओलांडेपर्यंत दिसायला लागतं. मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू राहू द्या.

सायन पाठ झालं की पुढचं सोपं जातं. आंबेडकर रोडने, पुलांवर न चढता खालून किंग्ज सर्कल, दादर टीटी, परळ, लालबाग, भायखळा. हा रस्ता मला या शहरात सगळ्यात जवळचा आहे. सकाळी सातच्या सुमारास परळला पोचलं की गिरणगावातली जुनी माणसं फुटपाथवर पेपर वाचत बसलेली असतात आणि लालबागला मसाल्यांची दुकानं अजून उघडायची असतात. एखाद्या रविवारी दादरला उजवीकडे वळून फुलबाजारात जा. सायकल हातात धरून चाला, ओल्या निशिगंधाचे भारे डोक्यावर घेऊन माणसं अंगाला घासून जातात. आठ वर्षं ऑफिसला जाताना मी दर शुक्रवारी तिथून घरच्यासाठी शेवंती घ्यायचो. भायखळ्यानंतर माझगावकडे वळलात की कंटेनरचे ट्रक सुरू होतात. तिथे ट्रकच्या डाव्या बाजूला, त्याच्या आणि फुटपाथच्या मध्ये कधीही शिरू नका. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही.

एक महत्त्वाचं. फोनच्या नकाशाने गाडीचा रस्ता दाखवला तर तो तुम्हाला चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवेवर चढवेल. तिथे दुचाकी आणि सायकलला बंदी आहे. अटल सेतू, सी लिंक आणि कोस्टल रोडवरही बंदीच. अटल सेतूवरून सायकल मारत उरणला उतरायचं आणि तसंच पुढे अलिबाग, हा बेत नवे लोक फार उत्साहाने मांडतात, पण ते होत नाही.

सहा रविवारांतला एक मात्र ऐरोली-वाशीसाठी काढा. मुलुंडजवळून ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रोडने वाशी, वाशी पुलावरून मानखुर्द, चेंबूर आणि घर. साधारण चाळीस किलोमीटर होतात, म्हणजे अलिबागएवढेच. वाशी पूल उन्हं चढल्यावर मुंबईच्या दिशेने पार करा, समुद्रावरचा वारा समोरून अंगावर येतो. सपाट पुलावर गियर एकेक करून खाली आणावे लागतात आणि चढ नसतानाही मांड्या भरून येतात. मांडव्याहून पुढे दुपारी असाच वारा भेटला तर तुम्ही गोंधळणार नाही.

आता पंक्चर, आणि हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. अलिबागच्या माझ्या पहिल्या फेरीत, परतताना मांडव्याच्या रस्त्यावर चोंढी गावाच्या अलीकडे मागचं चाक बसलं. स्पेअर ट्यूब होती, घातली. पंप मात्र घरी राहिला होता. अर्धा तास सायकल ढकलत गेल्यावर पंक्चरवाला सापडला. त्याच्याकडे हवेची मशीन होती, पण नळी माझ्या व्हॉल्व्हला बसेना. माझ्या ट्यूबला बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह होता आणि त्याची नळी स्कूटरच्या जाड व्हॉल्व्हची. त्या दादांनी रबराचा तुकडा गुंडाळून तासभर खटपट केली. हवा इतपतच भरली की सायकल चालवता येईना, हाताने चालवत न्यावी लागली. पैसे घ्यायला ते तयारच होईनात. शेवटची बोट चुकली आणि रात्र मांडव्याला एका ओळखीच्यांच्या ओळखीने काढली. पितळी अडॅप्टर किरकोळ किमतीला मिळतो आणि व्हॉल्व्हवर कायमचा लावून ठेवता येतो. तो, दोन ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि हातपंप एवढं सीटखालच्या पिशवीत असू द्या. आणि निघण्याआधी घरात, फरशीवर पेपर पसरून, मागचं चाक दोनदा काढून बसवून बघा. पुढचं सगळ्यांना जमतं. मागच्याची चेन आणि गियर भर रस्त्यात पहिल्यांदा हाताळायची वेळ येऊ देऊ नका.

बोटीचं थोडक्यात. रो-रोची (गाड्याही नेणाऱ्या बोटीची) वेळ आणि तिकीट आधी ऑनलाइन बघून ठेवा, धक्क्यावर अर्धा-पाऊण तास आधी पोचा. सायकल खाली गाड्यांच्या डेकवर राहते. एक दोरी न्या आणि कठड्याला बांधा, नाहीतर बोट हलली की ती शेजारच्या गाडीवर पडते. दिवाळीत पाडव्यापासून भाऊबीजेपर्यंत जाऊ नका. मांडवा-अलिबाग रस्ता अरुंद आहे आणि त्या दिवसांत तिथे गाड्यांना गाड्या लागलेल्या असतात. भाऊबीज झाल्यावर आठवड्याच्या मधला पहिला वार धरा, शनिवार-रविवार नको. रजा एक दिवस जास्त लागेल, पण रस्ता तुम्हाला मिळेल.

अलिबागला पोचून पायात दम असेल तर किनाऱ्यावर बसून राहू नका. रेवदंड्याच्या रस्त्याने आक्षी-नागावपर्यंत जा. पाच-सात किलोमीटर, दोन्हीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या. आक्षीला शके ९३४ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या लेखांपैकी एक. मोटारीतून जाताना तो कधी मागे गेला ते कळतही नाही.

घाट, बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) वगैरेबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, ते तुम्हाला पुढच्या वर्षी जमेल. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, त्या घाटाचं आत्ता डोक्यात आणू नका.

एकट्याने जाण्याबद्दल मात्र माझा आग्रह आहे : पहिल्या खेपेला धक्क्यापर्यंत तरी सोबत असू द्या. मी अजून घाटकोपरलाच राहतो. तुमचे सहा रविवार झाले की कळवा, सकाळी सहा वीसला सर्व्हिस रोडवर थांबतो आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत तुमच्या मागे राहीन. घरच्यांनाही हे सांगा. आणि टायरच्या कडेवर जे आकडे छापलेत, ७०० आणि त्याच्यापुढचा, ते आजच बघून इथे लिहा, म्हणजे ट्यूब कुठली घ्यायची ते सांगता येईल.