२०२० साली पेनसिल्व्हेनियात रात्री ट्रम्प पुढे होते, मग बायडेन जिंकले कसे?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पेनसिल्व्हेनिया राज्यात मध्यरात्रीनंतर ट्रम्प जवळपास सात लाख मतांनी पुढे होते आणि शेवटी बायडेन ८०,५५५ मतांनी जिंकले, हे मतं घुसवल्याशिवाय कसं होईल. माझा कल डेमोक्रॅटिक, म्हणजे बायडेन यांच्या, पक्षाकडे आहे हे आधीच सांगतो. पुढचं वाचताना हवं तेवढं वजा करून घ्या.

आपल्याकडची विधानसभेची मतमोजणी पाहिलेल्या माणसाला खरं तर हे कोडं पडू नये. पहिल्या काही फेऱ्यांत ज्याच्या हक्काची गावं आली तो पुढे असतो, आणि तालुक्याच्या गावातली यंत्रं उघडली की चित्र पालटतं. अमेरिकेतही फेऱ्या असतात, पण त्या बऱ्याचशा मत कसं दिलं यावर पडतात : केंद्रावर जाऊन, आधी जाऊन, की टपालाने. यातलं काय आधी मोजायचं हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. आपण टपाली मतं सकाळी आठला सगळ्यात आधी घेतो. पेनसिल्व्हेनियात ती उरकतात शेवटी.

तिथल्या कायद्यानुसार टपाली मताचा लिफाफा मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडता येत नाही, मग तो तीन आठवडे आधी येऊन पडलेला का असेना. २०२० मध्ये अशी मतं सुमारे २६ लाख होती. एका मतामागचं काम बघा. बाहेरच्या लिफाफ्यावरचा बारकोड वाचून मतदाराच्या नावापुढे नोंद करायची. सही आणि तारीख बघायची. मतदान केंद्रानुसार गठ्ठे लावायचे. मग यंत्राने लिफाफा कापायचा. आत दुसरा, गुप्ततेचा लिफाफा असतो. तो नसला तर मत बाद, आणि त्यावर नाव किंवा खूण असली तरी बाद. हे आतले लिफाफे एकत्र मिसळायचे, म्हणजे कोणाचं मत कोणाला हे कळू नये. मग मतपत्रिका काढून घडी सपाट करायची. हे नीट झालं नाही तर कागद स्कॅनरमध्ये अडकतो आणि सगळी रांग थांबते. एकट्या फिलाडेल्फियात असे साडेतीन लाखांहून जास्त लिफाफे होते. कंबरलंडसारख्या काही कौंट्यांनी (कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) तर मतदान केंद्रं सांभाळायला माणसं पुरत नाहीत म्हणून लिफाफे दुसऱ्या दिवशीच हातात घेतले, आणि कंबरलंड हा काही डेमोक्रॅट्सचा गड नव्हे.

आता उलट बाजू, जी ‘घोटाळा’वाले सांगत नाहीत. फ्लोरिडात टपाली मतांची छाननी तीन आठवडे आधीपासून चालते आणि केंद्रं बंद होताच अर्ध्या तासात ती मतं जाहीर होतात. ओहायो आणि टेक्सासमध्येही आधी दिलेली मतं आधी जाहीर होतात. त्यामुळे २०२० च्या त्याच रात्री ओहायो आणि टेक्सासमध्ये सुरुवातीला बायडेन पुढे दिसत होते आणि नंतर दोन्ही राज्यं ट्रम्प यांनी जिंकली. ॲरिझोनात बायडेन यांची आघाडी रोज आटत गेली, कारण शेवटच्या दिवशी हाताने आणून दिलेले लिफाफे तिथे सगळ्यात उशिरा मोजले जातात आणि ते बहुतांश रिपब्लिकन घरांतले होते. शेवटी ते १०,४५७ मतांनी जिंकले. मतं घुसवणाऱ्यांनी ओहायोत ट्रम्प यांच्यासाठी आणि पेनसिल्व्हेनियात बायडेन यांच्यासाठी काम केलं असं मानायचं का?

मग टपाली मतं एकाच पक्षाची का निघाली? त्यामागे एका माणसाची जीभ आहे. २०२० च्या आधी फ्लोरिडात टपाली मतदान ही रिपब्लिकन पक्षाचीच जमेची बाजू होती, निवृत्त लोक घरी बसून मत पाठवत. कोविडच्या वर्षी ट्रम्प महिनोन्महिने ‘टपाल म्हणजे फसवणूक’ म्हणत राहिले, तर डेमोक्रॅट्स आपल्या लोकांना घरूनच मत पाठवा म्हणून सांगत होते. परिणामी पेनसिल्व्हेनियातल्या टपाली मतांपैकी चारातली तीन बायडेन यांना मिळाली. आघाडी फिरणार हे मतदानाच्या आधीच लिहून-बोलून झालं होतं.

सकाळी सातच्या त्या अटीबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. लिफाफे आधी उघडू द्या, अशी मागणी दोन्ही पक्षांचे कौंटी अधिकारी करत होते. रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने त्या सवलतीला ड्रॉप बॉक्सवरच्या, म्हणजे टपाली मताचा लिफाफा नेऊन टाकायच्या पेट्यांवरच्या, निर्बंधांची शेपटी जोडली, डेमोक्रॅट गव्हर्नर टॉम वुल्फ यांना ती मान्य नव्हती, आणि काम तिथेच अडलं. म्हणजे उशीर कायद्यातच ठेवायचा आणि मग उशिरालाच पुरावा म्हणायचं. विस्कॉन्सिनमध्येही हीच अट आहे. तिथे मिलवॉकी शहराची टपाली मतं एका ठिकाणी मोजून एकाच वेळी जाहीर करतात. २०२० मध्ये पहाटे तीनच्या सुमारास सुमारे १ लाख ६९ हजार मतं एका फटक्यात आली आणि आलेखावर ती उभी रेघ दिसली, जी तुम्हाला व्हॉट्सॲपवर आली असेल.

चुका होत नाहीत असं नाही. मिशिगनच्या अँट्रिम कौंटीत मतपत्रिकेत ऐनवेळी बदल झाला, पण सगळ्या यंत्रांच्या कार्डांवर तो चढवला गेला नाही. आकडे चुकीच्या रकान्यांत पडले आणि या पक्क्या रिपब्लिकन कौंटीत बायडेन पुढे दिसले. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली, डिसेंबरमध्ये कागद हाताने मोजले, फरक निघाला १२ मतांचा. जॉर्जियाच्या फ्लॉइड कौंटीत अडीच हजारांहून जास्त मतं मोजायचीच राहिली होती, ती हातमोजणीत सापडली. २०२४ मध्ये मिलवॉकीत स्कॅनरची दारं नीट बंद नव्हती म्हणून तीसेक हजार मतपत्रिका पुन्हा यंत्रातून काढाव्या लागल्या. या चुका सापडतात, कारण मागे कागद असतो. जॉर्जियात सुमारे ५० लाख कागद हाताने मोजले, नंतर यंत्राने पुन्हा मोजले, बायडेन ११,७७९ ने पुढेच राहिले. विस्कॉन्सिनमध्ये ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने ३० लाख डॉलर भरून दोन कौंट्यांत फेरमोजणी करवली, त्यातून बायडेन यांचीच ८७ मतं वाढली. पेनसिल्व्हेनियात मतदानानंतर तीन दिवसांत पोचलेली सुमारे दहा हजार मतं वेगळी काढून ठेवली होती. ती सगळी ट्रम्प यांना दिली तरी निकाल तोच.

आमच्या बाजूचंही सांगतो. २०२४ च्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशी ‘दोन कोटी मतं गायब’ ही आवई उठली, आणि ती कमला हॅरिस यांच्या समर्थकांनीही आवडीने पसरवली. कॅलिफोर्नियाची मोजणीच व्हायची होती! तिथे मतदानाच्या दिवसापर्यंत टपालात पडलेलं पत्र नंतर सात दिवसांपर्यंत स्वीकारतात आणि सही जुळली नाही तर मतदाराला कळवून ती दुरुस्त करायची संधी देतात. त्या वर्षी पेनसिल्व्हेनियात मात्र बुधवारी पहाटेच निकाल कळला. लिफाफ्याची अट तीच होती, पण रिपब्लिकन पक्षाने या वेळी आपल्या मतदारांना आधी मत द्यायला सांगितलं होतं, टपाली मतंही कमी होती, आणि २०२२ च्या कायद्याने अनुदान घेणाऱ्या कौंट्यांना मोजणी मध्ये न थांबवण्याची सक्ती केली होती. तक्रारीही रात्रीत विरल्या, ते का हे तुम्हीच ठरवा.

पुढच्या वेळी निकाल बघताना ‘इतके टक्के मोजले’ या आकड्यावर भिस्त ठेवू नका, तो अंदाज असतो. उरलेली मतं किती, कुठल्या कौंटीतली आणि कुठल्या प्रकारची, एवढं बघा. मग पिछाडीला उरलेल्या मतांनी भागा. समजा उमेदवार ५० हजारांनी मागे आहे आणि दोन लाख मतं बाकी आहेत. त्याला उरलेल्यांत २५ टक्क्यांचा फरक, म्हणजे साडेबासष्ट विरुद्ध साडेसदतीस हवेत. ती मतं फिलाडेल्फियाच्या टपालाची असतील तर तो आरामात जिंकतो. ग्रामीण भागातल्या मतदान केंद्रांची असतील, तर टीव्ही बंद करून झोपायला हरकत नाही.