शेवटचा काळ आलाय म्हणून कॉलेज सोडू नकोस

प्रिय बाळा, प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज वाचला आणि ठरवलं की व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकून मोकळं व्हायचं नाही, नीट पत्र लिहायचं. तू विचारलंस की एवढी युद्धं, एवढे भूकंप, प्रभू आता वर्षा-दोन वर्षांत येणारच असेल तर डिग्री पूर्ण करून काय उपयोग, त्यापेक्षा सगळं सोडून नुसती प्रार्थना आणि प्रचार करावा. आणि ते रील्स बघून रात्री झोप लागत नाही असंही लिहिलंयस, मला खरं तर त्याचीच जास्त काळजी वाटली.

प्रभू परत येणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे, तो कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. ३८१ साली पक्क्या झालेल्या विश्वासांगीकारातच आहे की जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो गौरवाने परत येईल आणि त्याच्या राज्याला अंत नसेल. कॅथलिक असो, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया असो, पेंटेकॉस्टल असो, हे सगळे मानतात. मतभेद आहेत ते पुढच्या तपशिलात, म्हणजे रॅप्चर, विश्वासणाऱ्यांना वर उचलून घेणं, हे महासंकटाच्या आधी की नंतर, हजार वर्षांचं राज्य अक्षरशः घ्यायचं की नाही वगैरे. तुझ्या ग्रुपमध्ये जो चार्ट फिरतोय ना, मंडळी आधी गुपचूप उचलली जाणार आणि मग सात वर्षं संकट, तो हिशोब मुख्यतः जॉन नेल्सन डार्बी नावाच्या माणसाच्या शिकवणीतून १८३०च्या सुमारास पुढे आला. माझ्या ओळखीची कितीतरी देवभीरू माणसं ते मानतात, त्यांच्याबद्दल माझा आदर कमी होत नाही. पण ते न मानणारा माणूस अविश्वासू आहे असं तुला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, प्राचीन मंडळीचा मोठा शिक्षक ऑगस्टीनसुद्धा ते हजार वर्षं अक्षरशः घेत नव्हता.

आता मत्तयाचा २४वा अध्याय उघड. शिष्यांनी तुझाच प्रश्न विचारला होता, हे कधी होणार. आणि येशू काय म्हणतो बघ, युद्धं आणि युद्धांच्या बातम्या ऐकाल, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. रील बनवणारे युद्ध आणि भूकंप घेतात आणि घाबरू नका हे सोडून देतात. मग ३६व्या वचनात तो सरळ सांगतो की तो दिवस आणि ती घटका कोणालाच माहीत नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. पुनरुत्थानानंतर परत विचारलं तेव्हाही हेच, काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही.

तरीही माणसं तारखा काढत आलीत. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने दानीएलाच्या पुस्तकावरून हिशोब केला, त्याच्या लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही, आणि तो दिवस आला नि गेला. दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ साठी लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली, आणि ती तारीख सांगणारा पुढारी फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकेतल्या रेडिओ प्रचारकाने २१ मे २०११ सांगितली, मग २१ ऑक्टोबर, पुढच्या वर्षी त्याने स्वतःच कबूल केलं की तारीख सांगणं हे पाप होतं, पण तोवर काहींची आयुष्यभराची बचत जाहिरातींच्या बोर्डांवर गेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मोबाईलवर २३-२४ तारखेला रॅप्चर होणार याचं किती माजलं होतं ते तू स्वतः पाहिलंयस. आणि सगळ्यात वाईट म्हणजे केनियात शाकाहोला नावाच्या जंगलात उपाशी राहिलं की येशूची भेट होते असं लोकांना सांगितलं गेलं, २०२३ मध्ये तिथून चारशेपेक्षा जास्त मृतदेह निघाले, त्यात लेकरंही होती. मला ते लिहितानाही त्रास होतोय, पण चुकीची शिकवण कुठपर्यंत नेते ते तुला माहीत असायला हवं.

दुसरं ते ६६६ चं, प्रकटीकरणाच्या पुस्तकात श्वापदाचा म्हणून दिलेला आकडा. आधार, यूपीआय, चिप, लस, प्रत्येक नवीन गोष्ट आली की कोणीतरी म्हणतं हाच तो श्वापदाचा शिक्का. बाळा, प्रकटीकरण १३ एकटं वाचू नकोस, १४ पण लगेच वाच. १४ च्या सुरुवातीलाच कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावर त्याचं आणि पित्याचं नाव लिहिलेलं आहे, म्हणजे दोन खुणा समोरासमोर ठेवल्यात, आणि ९व्या वचनात श्वापदाला नमन करणं आणि शिक्का घेणं हे सोबतच येतं. प्रश्न आराधनेचा आहे, तू कोणाचा आहेस हा. बँकेत केवायसी करताना चुकून कोणी ख्रिस्ताला नाकारून बसत नाही. बरेच अभ्यासक सांगतात की रोमचा सम्राट नीरो कैसर याचं नाव इब्री अक्षरांत लिहून प्रत्येक अक्षराला असलेली आकड्याची किंमत मिळवली की ६६६ होतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, तेही त्याच नावाच्या लॅटिन रूपाशी जुळतं. म्हणजे इफिस, स्मुर्णा, पर्गम इथल्या छळ सोसणाऱ्या, नाहीतर थंड पडत चाललेल्या मंडळ्यांना ते पुस्तक आधी लिहिलं गेलं, त्यांना धीर द्यायला आणि जागं करायला. ते वाचून तुला फक्त घाम फुटत असेल तर वाचायची पद्धत बदलायला हवी, पुस्तक नाही.

मग तयारी म्हणजे काय? येशूने तारीख दिली नाही पण हे मात्र भरपूर सांगितलंय. तारीख माहीत नाही म्हटल्यावर लगेच तो एका दासाची गोष्ट सांगतो. धनी परत येतो तेव्हा तो दास काय करत असतो? घरातल्या लोकांना वेळच्या वेळी खायला देत असतो. आणि त्यालाच धनी धन्य म्हणतो. मग दहा कुमारींची गोष्ट, मग तालंतांची, म्हणजे धन्याने सोपवलेल्या पैशांची, ज्यात एकाने भीतीपोटी तालंत जमिनीत पुरला, आणि शेवटी मेंढरं आणि शेरडं, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं. सगळी तयारी ही अशी आहे बघ, जेवायला वाढण्याची.

आपल्याकडे पंडिता रमाबाई बघ. १८९६-९७ चा दुष्काळ, त्यातच पुण्यात प्लेग, कोणालाही प्रकटीकरणातला तो दुष्काळाचा काळा घोडा आठवावा असा काळ. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशनमध्ये विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना विणकाम शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं, आणि शेवटची कितीतरी वर्षं इब्री-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. प्रार्थना कमी होती का तिथे? १९०५ चं मुक्तीतलं संजीवन, म्हणजे तिथे उसळलेली प्रार्थनेची आणि विश्वासाची लाट, कोणाला माहीत नाही! प्रार्थना आणि काम त्यांनी वेगळं केलंच नाही.

म्हणून डिग्री सोडू नकोस. थेस्सलनीकामध्येही काही लोक काम सोडून बसले होते, पौलाने त्यांना स्पष्ट लिहिलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. तुझे आईबाबा तुझ्या फीसाठी कष्ट करतायत, त्यांचा भार उचलणं हे तुझ्या घरच्यांना वेळेवर खायला देणंच आहे.

रोजची प्रार्थना कर, पण भीतीने नको. रविवारची उपासना चुकवू नकोस. कोणाचे पैसे घेतले असशील तर परत कर, कोणाशी बोलणं बंद असेल तर आधी तिकडे जा. आणि जो माणूस तारीख सांगतो आणि त्याच व्हिडिओत दानासाठी क्यूआर कोड लावतो, त्याला अनसबस्क्राइब कर, आजच.

तुझी आजी गेली तेव्हा कबरस्तानात पाळकांनी १ थेस्सलनीका ४ वाचलं होतं, आठवतं? रॅप्चरवाले जे वचन सगळ्यात जास्त वापरतात ते तिथेच आहे, ढगांत प्रभूला भेटायचं. पौलाने ते रडणाऱ्या माणसांना लिहिलंय, ज्यांची माणसं वारली होती त्यांना, आणि शेवटी म्हणतो या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. तुझ्या आईचं आजीसाठी रडणं अजून थांबलेलं नाही, तिला शेजारी बसून तो अध्याय वाचून दाखव. मग तुम्ही दोघं २ पेत्र ३ वाचा, प्रभू उशीर का करतो ते तिथे आहे, कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही म्हणून तो थांबलाय. प्रकटीकरण त्यानंतर घ्या, मोठ्याने, तुकडे न करता, आणि जिथे अडेल तिथे मला फोन कर.

तुझी ताई