आईच्या युद्धकाळातल्या पत्राची नोंद कशी करावी

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेतल्या तुमच्या संग्रहालयाने सोपवलेल्या गठ्ठ्यातल्या पहिल्या पत्राची नोंद तू ‘कौटुंबिक खुशाली, विशेष काही नाही’ अशी केली आहेस. ती आधी खोड. दुसऱ्या महायुद्धात परदेशी लढणाऱ्या मुलाला आई कळवते आहे की सगळे मोटारीने मावशीकडे जाऊन आले, एकशे ऐंशी मैलांचा रस्ता, दोनदा पंक्चर, पोरं रडकुंडीला आली, अंग आंबून गेलं. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तपासता येते, आणि विशेष काय ते तपासल्यावरच कळतं.

प्रवासापासून सुरुवात कर. युद्धकाळात तिकडे ताशी 35 मैलांची मर्यादा होती, म्हणजे कुठेही न थांबता एका बाजूला पाच तासांहून जास्त. पेट्रोलचं रेशन ठरवणाऱ्या स्टिकरांपैकी साधं ‘ए’ स्टिकर लावलेल्या गाडीला आठवड्याला सुरुवातीला चार गॅलन पेट्रोल मिळे, पुढे ते तीनवर आलं. गॅलनला पंधरा मैल धरले तर जाऊन-येऊन 24 गॅलन लागले, म्हणजे चारच्या हिशेबाने सहा आठवड्यांची कूपनं. एवढी कूपनं त्यांनी साठवली की कामासाठी गाडी लागणाऱ्यांचं ‘बी’ स्टिकर त्यांच्याकडे होतं, हे या पत्रातून ठरत नाही. वडिलांच्या नोकरीचा उल्लेख इतर पत्रांत शोध आणि सापडेपर्यंत दोन्ही शक्यता नोंदव. घर कोणत्या राज्यातलं तेही पाहा. पूर्व किनाऱ्याकडे पेट्रोल आणखी कमी होतं आणि 1943 च्या जानेवारीपासून ऑगस्टअखेर निव्वळ मौजेसाठी गाडी काढायला बंदी होती.

इथे बहुतेकांची एक चूक होते, ती तू करू नकोस. ‘पेट्रोलच्या टंचाईमुळे’ असं सरसकट लिहू नकोस. पूर्व किनाऱ्यावर ती टंचाई खरी होती, कारण जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजं बुडवत होत्या. देशाच्या मध्यभागी मात्र तेल होतं, रबर नव्हतं. 1942 च्या सुरुवातीला मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेले आणि रबराचा मुख्य पुरवठा तुटला. हा धोका आधीच दिसत असल्याने टायरवर नियंत्रण 1942 च्या जानेवारीतच आलं, देशभर पेट्रोलवर मात्र 1 डिसेंबरला. गाडी कमी चालावी आणि हळू चालावी, म्हणजे टायर टिकतील, हा हेतू.

आता ती दोन पंक्चर. एका गाडीमागे पाचच टायर ठेवायची मुभा होती, जास्तीचे सरकारला द्यायचे. म्हणजे चार चाकांवर आणि एक स्टेपनी. पहिल्या पंक्चरला स्टेपनी चढली. दुसऱ्या वेळी कुणी मदतीला थांबलं नसेल, तर रस्त्याकडेला टायर रिमवरून पट्टीने उचकटायचा, ट्यूब बाहेर काढायची, छिद्र शोधायचं, ती जागा घासून सोल्यूशन लावायचं, ठिगळ दाबून धरायचं आणि हातपंपाने हवा भरायची. जुन्या, झिजलेल्या टायरवर हे वारंवार व्हायचं. तिच्या थकव्याचा हिशेब बराचसा इथेच लागतो.

तारीख ठरवणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. आया बहुधा ‘रविवार, संध्याकाळ’ एवढंच लिहितात. पाकिटावरचा शिक्का आधी पाहा. पाकीट हरवलं असेल तर रेशनच्या उल्लेखांवर भिस्त ठेव. आपल्याला रेशन म्हटलं की सवलतीच्या धान्याचं दुकान आठवतं. तिकडे पूर्ण पैसे मोजूनही कुपनाशिवाय माल मिळत नव्हता, आणि प्रत्येक कुपनाला क्रमांक आणि मुदत होती. बुटांचं 17 नंबरचं कूपन 1943 च्या फेब्रुवारीत लागू झालं, 18 नंबरचं जूनच्या मध्यावर. मुरांबे आणि फळं बरण्यांत भरण्यासाठी त्या उन्हाळ्यात 15 आणि 16 नंबरच्या कुपनांवर पाच-पाच पौंड जादा साखर मिळत होती, 31 ऑक्टोबरपर्यंत. ‘मावशीला जॅम नेला, 16 नंबर वापरला’ असं एक वाक्य सापडलं तरी पत्र काही महिन्यांच्या आत बसतं. कॉफीचं रेशन, सुरुवातीला पाच आठवड्यांना एक पौंड, 1942 च्या नोव्हेंबरअखेर सुरू होऊन 1943 च्या जुलैत संपलं. त्या गावच्या वर्तमानपत्राचे जुने अंक काढ, त्यांत चालू कुपनांची यादी बहुधा छापलेली असते.

कागद हाताळताना घाई नको. हात धुऊन पूर्ण कोरडे कर. घड्या जबरदस्तीने उलगडू नकोस, त्या घडीवरच फाटतात. गंजलेली टाचणी ओढून काढू नकोस. तिच्याखाली दोन्ही बाजूंनी पातळ पॉलिएस्टर फिल्मचा (पारदर्शक प्लास्टिकचा) तुकडा सरकव आणि मग हलकेच मोकळी कर. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. क्रमांक मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला कोपऱ्यात. 600 डीपीआयला स्कॅन कर, टिफ स्वरूपात ठेव आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूही घे. तळहाताएवढं, गुळगुळीत छायाचित्राच्या कागदावरचं पत्र निघालं तर ते व्ही-मेल. मूळ कागदाचं 16 मिलिमीटर फिल्मवर चित्र घेऊन परदेशी त्याची लहान प्रत काढत. ते फोटोसारखं सांभाळ आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव.

पाकिटावरचा एपीओ (लष्करी टपाल कार्यालयाचा) क्रमांक अचूक उतरवून घे. न्यूयॉर्कमार्फत गेलेलं पत्र साधारणपणे युरोपच्या बाजूचं, सॅन फ्रान्सिस्कोमार्फत गेलेलं पॅसिफिकचं. क्रमांक तुकडीबरोबर हलत असे, म्हणून तो त्या तारखेलाच कुठे होता ते पाहायचं. ही मेहनत वाया जात नाही. 12 जुलै 1973 ला सैनिकांच्या सेवेच्या फायली ठेवणाऱ्या सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि 1912 ते 1960 या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे 80 टक्के फायली जळाल्या. कित्येक सैनिक कधी कुठे होते याचा घरात उरलेला पुरावा म्हणजे अशी पाकिटंच.

पत्राची नक्कल उतरवताना तिचं चुकलेलं शुद्धलेखन सुधारू नकोस. न लागलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्हाने दाखव. ‘तिला काळजी वाटत होती’ असं तिने लिहिलं नसेल तर तूही लिहायचं नाही. मुलाला घोर लागू नये म्हणून ती टायर, पोरं आणि जॅम यांबद्दल लिहीत असेलही, पण तो अंदाज आहे. त्याची जागा प्रस्तावनेत, नोंदीत नाही.

कागद संग्रहालयाचा झाला तरी मजकुराचा हक्क तिच्या वारसांकडेच राहतो. अप्रकाशित पत्राला तिकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं संरक्षण असतं. तिच्या मृत्यूचं वर्ष शोध आणि दान देणाऱ्या कुटुंबाची लेखी परवानगी फाइलला लाव, मगच काही संकेतस्थळावर टाकायचं.

पहिल्या पाच पत्रांची नक्कल उतरवून झाली की स्कॅनसकट पाठव. तारखा मीही स्वतंत्रपणे काढून पाहीन, जिथे फरक पडेल तिथे दोघं बसून बोलू.