वाचक विचारतात : मालदीव की मॉरिशस?

प्रश्न : ऑगस्टमध्ये सात रात्रींची सुट्टी जमते आहे. आम्ही दोघं, पाच आणि दहा वर्षांची मुलं आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. मालदीव आणि मॉरिशस या दोन्हींच्या खर्चाचे आकडे जवळपास सारखेच आले आहेत. कुठे जावं?

उत्तर : मॉरिशसला जा, आणि तिथे पश्चिम किंवा वायव्य किनाऱ्यावर राहा.

मालदीवमध्ये सहसा एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. बरीचशी बेटं अर्ध्या तासात पायी पालथी घालता येतात. दोघांनाच चार दिवस निवांत पडून राहायचं असेल तर याहून छान जागा नाही, पण दहा वर्षांचं मूल तिसऱ्या दिवशी ‘आता काय?’ म्हणून मागे लागेल. शिवाय तिथे जाणं-येणं स्पीडबोटीने किंवा सीप्लेनने (पाण्यावर उतरणारं छोटं विमान). ऑगस्टमध्ये नैऋत्य मोसमी वारे चालू असतात. दिवसभर पाऊस पडतोच असं नाही, पण समुद्र खवळलेला असला की धक्क्याला लावलेली बोट वरखाली होत राहते. अशा वेळी दुखऱ्या गुडघ्यांनी बोटीतून उतरणं जिकिरीचं. सीप्लेनची शिडीही अरुंद आणि आतलं छत ठेंगणं. फोटोत दिसणाऱ्या, पाण्यावर बांधलेल्या खोल्यांच्या सज्जातून जिना थेट समुद्रात उतरतो आणि पुष्कळदा कठडा नसतो. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे राहायचं तर कुणीतरी सतत पहाऱ्यावर बसायला हवं. काही रिसॉर्ट या खोल्या लहान मुलांना देतच नाहीत.

मॉरिशस हे ज्वालामुखीतून तयार झालेलं डोंगराळ बेट. किनारा कंटाळवाणा झाला की गाडी काढून दुसरीकडे जाता येतं. वाहनं डाव्या बाजूने चालतात. शामारेलची सात रंगांची माती, तिथला धबधबा आणि ल मॉर्नचा डोंगर एका दिवसात होतात. पँपलमूसची बाग बऱ्यापैकी सपाट आहे, त्यामुळे सासूबाईंनाही झेपेल.

मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्या. मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, म्हणजे ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा. किनाऱ्यावर दिवसा साधारण २४ अंश आणि पाणी २२-२३ अंश. मोठ्यांना चालेल, पण धाकटं अर्ध्या तासात कुडकुडायला लागेल. मुलांसाठी दोन-तीन मिलिमीटर जाडीचे वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारे अंगाबरोबरचे पोशाख) घ्या. या दिवसांत आग्नेयेकडून वारा सुटतो आणि तो आधी पूर्व किनाऱ्यावर आदळतो. तिथल्या बेल मारची वाळू फोटोत सगळ्यात देखणी दिसते हे खरं, पण ऑगस्टमध्ये तीच वाळू डोळ्यांत जाते. पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक किंवा वायव्येला ट्रू-ओ-बीश इथे वाऱ्यापासून आडोसा मिळतो. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला असल्याने इथे पोहोचायला तास-सव्वा तास लागतो. खोली तळमजल्यावरची मागा, आणि ती बुकिंगच्या वेळी लेखी मागा.

पाण्यात उतरताना सगळ्यांच्या पायांत रबरी तळव्याचे घट्ट बूट हवेत. प्रवाळाच्या तुकड्यांमध्ये समुद्री साळू (काटेरी गोळ्यासारखे प्राणी) असतात, त्यांचे काटे पायात मोडून बसतात. क्वचित स्टोनफिश नावाचा मासा असतो. तो हुबेहूब दगडासारखा दिसतो, त्याच्या पाठीचे काटे विषारी. काटा टोचला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांच्या आसपास, भाजेल इतक्या नाही) अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाण्याचा गरमपणा आधी न टोचलेल्या पायाने तपासा, कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचं कळत नाही. बर्फ लावू नका. दुखणं कमी झालं तरी डॉक्टरकडे जाच.

दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ लाटा अडवणारी प्रवाळाची भिंत तुटलेली आहे. तिथे कड्यावरून लाटा बघा, पोहायला उतरू नका.

प्रश्न : मालदीवच्या रिसॉर्टचा दर एका रात्रीला ४०० डॉलर दाखवला होता. अंतिम बिलाचा अंदाज मात्र फारच वर गेला. फसवणूक आहे का?

उत्तर : फसवणूक नाही, पण दर दाखवण्याची ही पद्धत गोंधळात टाकणारी आहे खरी. दरापुढे दोन अधिक चिन्हं असतील तर सेवा शुल्क आणि कर वेगळे समजायचे. ४०० वर १० टक्के सेवा शुल्क धरलं की ४४०. त्यावर १७ टक्के पर्यटन कर (जुलै २०२५ पासूनचा दर), म्हणजे ५१४ डॉलर ८० सेंट. शिवाय हरित कर रिसॉर्टमध्ये माणशी, दर रात्री १२ डॉलर. दोघं पाच रात्री राहिलात तर त्याचेच १२० झाले.

त्यानंतर बेटावर नेण्या-आणण्याचं भाडं. तेही माणशी असतं, आणि दुसरा पर्याय नसल्याने चुकवता येत नाही. जेवणाचंही तसंच : बेटावर दुसरं हॉटेल नाही, त्यामुळे फक्त नाश्ता धरून केलेलं ‘स्वस्त’ बुकिंग दोन जेवणांत महाग पडतं. हाफ बोर्डमध्ये (नाश्ता आणि एक जेवण) पिण्याचं पाणी धरलेलं असतं की नाही, हेसुद्धा विचारून घ्या. तुलना करायची ती विमानतळापासून विमानतळापर्यंतच्या एकूण आकड्याची. आणखी एक प्रश्न जरूर विचारा : किनाऱ्यावरून पोहत जाता येईल असं प्रवाळ आहे का, आणि किती मीटरवर? काही बेटांभोवती नुसतं उथळ, वाळूचं पाणी असतं. मुलांना डुंबायला उत्तम, पण मासे बघायला प्रत्येक वेळी पैसे भरून बोटीने जावं लागतं.

प्रश्न : आमचं विमान मालेला संध्याकाळी पाचला उतरतं. सीप्लेन मिळेल?

उत्तर : नाही. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. पासपोर्ट तपासणी आणि सामान यांत वेळ जातो, म्हणून दुपारी साडेतीनच्या आत उतरणारं विमान निवडा. ते जमत नसेल तर पहिली रात्र विमानतळाशेजारच्या हुलहुमाले बेटावर काढा. विमानतळापासून गाडीने पोहोचता येतं. रिसॉर्टची ती रात्र मात्र बुक करू नका, खोली रिकामी राहून पैसे जातात. दुसरा उपाय म्हणजे स्पीडबोटीच्या टप्प्यातलं बेट, कारण बऱ्याच बोटी रात्रीही जातात. सीप्लेनमध्ये बॅगेला साधारण २० किलो आणि हातातल्या सामानाला ५ किलोची मर्यादा असते. आंतरराष्ट्रीय विमानात चाललेली ३० किलोंची बॅग इथे महाग पडते.

प्रश्न : रिसॉर्ट परवडत नाही. मालदीवच्या स्थानिक बेटावर राहिलं तर मजा जाते का?

उत्तर : नाही, फक्त मजेचा प्रकार बदलतो. माफुशीसारख्या बेटांवर गेस्टहाऊस आहेत, आणि तिथून स्नॉर्केलिंगच्या (तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर तरंगत मासे बघण्याच्या) सहली निघतात. लहान गेस्टहाऊसचा हरित करही निम्मा, ६ डॉलर. पण ही लोकवस्तीची मुस्लिम गावं आहेत. पोहण्याचे तोकडे कपडे फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर चालतात, गावात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दारू मिळत नाही. सोबत नेलेली विमानतळावर काढून ठेवतात. ई-सिगारेटही नेऊ नका.

मांटा रे (पंखांसारखे कल्ले असलेले प्रचंड, चपटे मासे) बघायचे असतील तर मे ते नोव्हेंबर या काळात मालदीवच्या बा अटॉल या प्रवाळबेटांच्या समूहातला हनिफारूचा उपसागर. म्हणजे ज्या पावसाळ्याला सगळे नाक मुरडतात, तोच मांटांचा हंगाम.

प्रश्न : लग्नानंतर फेब्रुवारीत जायचं आहे, पाच रात्री. दोघंच.

उत्तर : मालदीव. फेब्रुवारी-मार्च हा तिथला सगळ्यात कोरडा काळ, दरही त्यामुळेच चढे. मॉरिशसमध्ये हेच महिने चक्रीवादळांचे असतात. प्रत्येक आठवड्यात वादळ येतं असं मुळीच नाही, पण जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या होत्या. इशारा वरच्या टप्प्याला गेला की विमानतळ बंद होतो आणि हॉटेलमधून बाहेर पडता येत नाही. तरीही मॉरिशसच हवं असेल तर पैसे परत मिळणारं बुकिंग करा आणि प्रवास विमा तिकिटासोबतच काढा. वादळाला नाव दिल्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळाची भरपाई सहसा मिळत नाही.